'डिटेक्शन'ला काय म्हणायचं: शोध, वेध की चाहूल?

तापीकाठ: आमच्या भुसावळच्या वाचनालयात दहावीच्या मुलांपुढे गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणाऱ्या लहरींवर, बोलायचंय. पहिल्याच वाक्याला अडलो: '१४ सप्टेंबर २०१५ला या लहरींचा शोध लागला.' सूनबाई म्हणाल्या, "बाबा, शोध तर आइन्स्टाइनने १९१६मध्येच लावला ना?" खरंय. त्याने गणिताने सांगितलं, लायगोला, म्हणजे त्या टिपणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्रणेला, त्या प्रत्यक्ष सापडल्या. या दुसऱ्या गोष्टीला शब्द कोणता?

सातपुडा: वेध. वेधशाळा म्हणतोच की आपण.

एरंडोलकर: वेध घ्यायला नेम धरावा लागतो. लायगो कुठेच रोखलेलं नसतं. काटकोनातल्या ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, आत लेझर. लहर आली की एक भुजा लांबते, दुसरी आखडते, तीही प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी. मी 'चाहूल' म्हणेन. आमची आजी ओट्यावर पडल्या पडल्या म्हणायची, "कोनी तरी ऊनं वाटस" (कोणीतरी आलंय वाटतं). मग थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजायची.

सातपुडा: 'वाटस' शास्त्रात चालत नाही. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या लायगोच्या दोन केंद्रांत ३००० किलोमीटर अंतर, आणि दोन्हीकडे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने एकच ठसा उमटला. ही नोंद आहे, चाहूल नव्हे.

एरंडोलकर: आजीलाही दोन कान होते. कोणत्या कानाला आधी ऐकू आलं यावरूनही माणसाला दिशा कळते. लायगोचंही तेच. आणि कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तरी प्रकाशात काही दिसत नाही. जे दिसतच नाही त्याचा वेध कसा घेणार? म्हणून तर या लहरींचं एवढं मोल.

पाटणवाला: 'गुरुत्वीय' तरी कशाला? भास्कराचार्यांनी 'आकृष्टिशक्ति', म्हणजे ओढून घेणारी शक्ती, लिहून ठेवलंय. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. घरचा शब्द असताना दुसरा का घडवायचा? आकृष्टितरंग म्हणा.

सातपुडा: दहावीच्या मुलाला आकृष्टी समजावण्यातच तास संपेल. शिवाय या लहरी काही ओढत नाहीत, अवकाशच ताणतात आणि दाबतात.

पाटणवाला: 'गुरुत्वीय' मुलं घरी बोलतात का? पाठ केलं म्हणून सोपं वाटतं.

तापीकाठ: आणखी एक अडचण. ज्यांच्यामुळे २०१५ची ती लहर उठली ती दोन कृष्णविवरं शेवटी एक झाली, १३० कोटी प्रकाशवर्षांवर. 'विलीनीकरण' म्हटलं की मुलांना बँका आठवतील. 'संगम' म्हणू? चांगदेव गावी तापी-पूर्णेचा संगम मुलांनी पाहिलाय.

एरंडोलकर: संगम सुंदर आहे, पण तिथे दोन्ही नद्यांचं पाणी पुढे जातं. इथे सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानांची विवरं मिळून सुमारे ६२ पटीचं एक झालं. ३ सूर्यांइतकं वस्तुमान लहरी होऊनच निघून गेलं.

पाटणवाला: मग संगम नाही म्हणता येणार. आमच्याकडे दूध आटवताना म्हणतात तसं, 'आटलं'?

सातपुडा: आटलेलं दूध दाट होतं, पण वाफ कुणी मोजत नाही. इथे वाफच मोजली.

तापीकाठ: हे मुलांना सांगतो. पण पहिलं वाक्य अजून कोरंच आहे.