छप्पर पाडण्यामागचा हिशोब

'ब्लॅक ४७' या आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळावरच्या सिनेमात कुळांना हुसकावून त्यांच्या घराचं छप्पर पाडतात, त्या प्रसंगाबद्दल वर कुणीतरी म्हटलंय, "घर रिकामं केलंच होतं, मग मोडायचं कशाला? उगाच भडकपणा." नाही पटलं. सिनेमात सूडाचा मालमसाला भरपूर आहे, पण हा प्रसंग त्यातला नाही. घर शाबूत राहिलं तर कुळं रात्री परत येऊन राहायची, म्हणून जमीनदाराची माणसं ते मोडायची. पद्धत ठरलेली होती: आढं आणि वासे करवतीने अर्धवट कापायचे, आढ्याला दोर बांधून तो दारातून बाहेर काढायचा आणि पाच-सात जणांनी ओढायचा. गवताचं शाकारलेलं छप्पर अख्खं आत बसतं. मग भिंतींना पहारी. तरीही लोक पडक्या भिंतींच्या कोपऱ्यात फांद्या आणि गवत टाकून राहायचेच. त्या आडोशाला 'स्कॅल्पीन' म्हणत.

आणि यात जमीनदाराचा क्रूरपणा होता तसा रोख हिशोबही होता. ज्या कुळाच्या जमिनीचं वार्षिक मूल्यांकन ४ पौंड किंवा त्याखाली असे, त्याचा गरीब-कर (गरिबांच्या मदतीसाठीचा कर) जमीनदाराला भरावा लागे. कूळ गेलं, कर गेला. त्यात जून १८४७ मध्ये ग्रेगरी कलम आलं: पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याने जास्तीची जमीन सोडल्याशिवाय सरकारी मदत नाही. गंमत म्हणजे (गंमत कसली!) १८४७ साली बटाट्यावर करपा कमीच होता, पण बियाण्याचे बटाटेच आदल्या वर्षी खाऊन संपल्यामुळे लागवड जेमतेम झाली होती.