कंदी पेढ्यातलं 'कंदी' कुठून आलं?

साताऱ्यात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं: गोरे साहेब पेढ्याला 'कँडी' म्हणायचे, त्याचं 'कंदी' झालं. मला हे पटत नाही. मूळ संस्कृत 'खंड', म्हणजे साखरेचा खडा. फारसीत त्याचा 'कंद' झाला, आणि तोच अरबीतून, फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत जाऊन 'कँडी' झाला. आपल्या गुलकंदातला कंद हाच. कलाकंदातलाही हाच. गुलकंद म्हणायला आपल्याला साहेब लागला नाही, मग कंदी म्हणायला का लागावा?

यावर कुणी आक्षेप घेईल की कंद म्हणजे साखर, आणि साताऱ्याचा पेढा तर बेताचाच गोड. आक्षेप रास्त आहे. पण शब्द वापरात पुढे सरकलाय. आज गिऱ्हाईक 'कंदी द्या' म्हणतं तेव्हा त्याला भाजलेला पेढा हवा असतो. म्हशीचं 5 लिटर दूध आटवलं की साधारण 1 किलो खवा पडतो. साध्या पेढ्याला तेवढ्यावर भागतं. कंदीसाठी तो खवा परत मंद आचेवर घेतात. उलथणं थांबवायचं नाही, नाहीतर तळाला खरवड धरते आणि करपट वास सगळ्या घाण्याला लागतो. कडेनं तूप सुटायला लागतं, पांढरा रंग बदामी होतो, खवा रवाळ होतो. मग निवल्यावर साखर, वेलदोडा. पाणी उडून गेल्यामुळे हा पेढा साध्यापेक्षा जास्त टिकतो, म्हणून तर एसटीच्या प्रवासात पिशवीतून लांब लांब जातो.

खव्यावरून आठवलं: 'मावा' आणि 'खवा' एकच का, असंही विचारलं जातं. हिंदीत हो. आपल्याकडे, सातारा-सांगलीत, दुधाचा तो खवाच म्हणावा. पानटपरीवर मावा म्हणजे तंबाखू-सुपारी.

आणि 'पेढे' हा शब्द तर जिन्नसापलीकडे गेलाय. दहावीचा निकाल लागला, नोकरी लागली, की अभिनंदनाआधी 'पेढे कुठायत?' येतं. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, हा भेद मात्र मला कधीच रुचला नाही. हल्ली मुलगी झाल्यावरही पेढे वाटणारी घरं दिसतात, आणि 'काय झालं?' हे विचारल्याशिवाय आता कळत नाही, हे फार चांगलं झालं.