गोबी मासा व पिस्तूल कोळंबी: बिळामुळे दगड कलला आहे

प्रश्न: माझ्या 100 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पिस्तूल कोळंबीने दगडाखाली बीळ खणल्यापासून दगड कलला आहे. वाळू वाढवावी का? रात्री 'टक्' असा आवाजही येतो. काच तडकली की काय, अशी शंका आली.

उत्तर 1: आधी दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू घाला, वाळूवर ठेवलेला दगड आज ना उद्या खचतोच. सहा-सात सेंटीमीटरचा थर पुरतो, मात्र नुसती बारीक वाळू ढासळत असल्याने तिच्यात प्रवाळाचे तुकडे मिसळावेत.

उत्तर 2: आवाज कोळंबी झटक्यात मिटते त्या नांगीचा आहे, काचेचा नव्हे. कोळंबीला फारसे दिसत नाही. मिशी बिळात सोबत राहून पहारा देणाऱ्या गोबीच्या अंगाला लावून ती वाळू बाहेर ढकलते आणि त्याची शेपटी थरथरताच आत शिरते. गोबी उडी मारतो, तेव्हा टाकीवर जाळी हवीच.

प्रश्नकर्ता: दगड आज काचेवर बसवला. कोळंबीने लगेच नवे खणकाम काढले आहे!