मदत हवी आहे: १९९१ची गोल्फ गरम झाली की आयडलिंगला आरपीएम वरखाली होतो

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहतो. माझ्याकडे फोक्सवागनची दुसऱ्या पिढीची गोल्फ आहे. १९९१ची, १.८ लिटर पेट्रोल, ९० हॉर्सपॉवर, इंजिनाचा कोड आरपी. थंड असताना एका चावीत चालू होते, हायवेला सुंदर पळते. पण इंजिन गरम झालं की सिग्नलला गाडी उभी असताना (आयडलिंगला) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, ७००वरून १३००वर जातो, पुन्हा खाली येतो, पुन्हा वर. मागच्या आठवड्यात दोनदा भर चौकात बंद पडली.

दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत धुराची चाचणी नापास झाली. लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ हवा, माझा १.०६ आला. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. एका महिन्यात दुरुस्त करून फेरतपासणीला न्यायची आहे. एका गॅरेजने पेट्रोल फवारणारं इंजेक्शनचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं. तो खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे.

गाडी विकून मोकळा हो, असं कृपया सांगू नका. ही गाडी शेजारच्या आजोबांकडून घेतली आहे. ते फोक्सवागनच्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात हॉल ५४मध्ये होते. १९८३ला ही दुसरी गोल्फ आली, तेव्हा शेवटच्या जोडणीचं काही काम त्या हॉलमध्ये रोबोंकडे गेलं. गोल्फच्या आधीच्या बीटल गाडीचं इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचा खप उतरला, कंपनी अडचणीत आली आणि १९७४च्या पहिल्या गोल्फने कंपनीला वर काढलं. हे सगळं मी पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकलं. युद्धकाळात त्याच कारखान्यात हजारो वेठबिगार राबवले गेले, हेही त्यांनीच सांगितलं. आता ते वृद्धाश्रमात आहेत आणि दर रविवारी मी त्यांना याच गाडीतून फिरवून आणतो.

आतापर्यंत घरी केलेलं काम: स्पार्क प्लग, डिस्ट्रिब्यूटरची कॅप आणि रोटर, एअर फिल्टर बदलले. पाण्याच्या तापमानाचा निळा सेन्सर मल्टिमीटरने तपासला. २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास, म्हणजे तो ठीक दिसतो. व्हॅक्यूमचे दोन कडक झालेले पाइपही बदलले. फरक शून्य.

हवा नेमकी कुठून शिरत असेल? आणि हे काम लिफ्टशिवाय होईल का? आमच्या अंगणात गाडी दुरुस्त करायला परवानगी नाही, पण तासावर भाड्याने मिळणारं वर्कशॉप जवळ आहे.

प्रतिसाद १

माझ्याकडे हीच गाडी सात वर्षं होती. आधी फ्लँज बघा. इंजेक्शन युनिट ज्या रबर-धातूच्या जाड चकतीवर बसतं, ती. इतक्या वर्षांच्या उष्णतेने तिच्या रबराला चिरा पडतात. वरून काही दिसत नाही, कारण चीर बहुतेक खालच्या बाजूला असते.

तुमच्या मोनो-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये येणारी हवा मोजणारा मीटरच नाही. थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडा आहे आणि आरपीएम किती, एवढ्यावरून कंप्युटर पेट्रोल ठरवतो. थ्रॉटलच्या खालून शिरलेली हवा त्याच्या हिशेबातच येत नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर भरपाई करत राहतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

वरचा एअर फिल्टरचा डबा काढा, गरम इंजिन आयडलिंगला ठेवा आणि युनिट हाताने हळूच एका बाजूला दाबा. चीर उघडून आरपीएम बदलला, तर दोष सापडला. लोक ब्रेक क्लीनर मारून बघतात. ते करू नका, गरम एक्झॉस्टवर पेट घेतं. साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो.

प्रतिसाद २

फ्लँजच्या आधी एक्झॉस्ट ऐका. लॅम्डा सेन्सरच्या पुढे-मागे कुठे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तपासणीच्या मशीनवर लॅम्डा उगाच जास्त दिसतो. थंड इंजिन चालू करून सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा, फुसफुस लगेच ऐकू येते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक्झॉस्ट घट्ट आहे. युनिट स्वतःकडे ओढलं आणि आरपीएम थेट १५००! आरसा धरून पाहिलं, तर मागच्या बाजूला बोटभर लांब चीर. नवी फ्लँज आणि गास्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) मागवली आहे. शनिवारी दोन तासांसाठी वर्कशॉप घेतलं आहे. काही विशेष काळजी?

प्रतिसाद १

लिफ्ट लागणार नाही, सगळं काम वरूनच होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. पेट्रोलच्या पाइपात थोडा दाब उरलेला असतो, तेव्हा फडकं गुंडाळूनच तो सोडवा. युनिट उचललं की मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंबा, एखादा वॉशर आत पडला तर इंजिनाचं हेड उघडावं लागेल. जुन्या गास्केटचा कण न् कण खरवडून काढा. आणि आयडलिंग नीट करायला म्हणून थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका, तो कारखान्यात बसवलेला असतो.

धागाकर्ता

काम झालं. गरम इंजिनाला काटा ८५०वर स्थिर आहे. फेरतपासणी मंगळवारी आहे, पण आजोबांना उद्याच घेऊन जातो. जुनी फ्लँज त्यांना हातात घेऊन बघायची आहे.