मदत हवी आहे: प्रोजेक्टमधले निर्णय व्हॉट्सअ‍ॅपवर हरवतात, कंपनीअंतर्गत ब्लॉग चालेल का?

नमस्कार मंडळी,

महापे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या छोट्या कंपनीत मी प्रोजेक्ट सांभाळते. डिझाइनवाले ऑफिसात, पॅनलची पत्र्याची कपाटं बनवणारा फॅब्रिकेटर रबाळ्याला, बसवणारी टीम तळोज्याच्या साइटवर. सगळे धरून १४ जण.

गेल्या महिन्यात जे झालं ते अजून मनातून जात नाही. ग्राहकाने पॅनलमधला ब्रेकर (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) बदलला, डिझाइनरने रिव्हिजन ३ चं ड्रॉइंग ग्रुपवर टाकलं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या गर्दीत ते कुठच्या कुठे गेलं. फॅब्रिकेटरकडे रिव्हिजन २ च होतं. पॅनलच्या चार दरवाजांवरचे ब्रेकरसाठीचे कटआउट जुन्या मापाने कापले, पावडर कोटिंगही झालं, तेव्हा कळलं. चूक शोधायला बसलो तर सगळेच खरं बोलत होते. एकाने पाठवलं होतं, दुसऱ्याला दिसलं नव्हतं.

१४ माणसं म्हणजे दोघादोघांच्या ९१ जोड्या होतात. फोनवर ठरलेलं एवढ्या जणांत आपोआप पोहोचेल हे मी धरूनच चालले होते.

आता वर्डप्रेसवर खासगी ब्लॉग काढावा असं मनात आहे. एका निर्णयाची एक नोंद, शीर्षकात जॉब नंबर. काय बदललं, का बदललं, कोणी मान्य केलं. शंका त्याच नोंदीखाली विचारायच्या आणि ग्रुपवर फक्त लिंक टाकायची. वर्षभराने नवीन मुलगा आला तरी ब्रेकर का बदलला ते त्याला वाचता येईल. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी 'ऑटोमॅटिक' (Automattic) नावाची कंपनी पी२ नावाच्या अशाच अंतर्गत ब्लॉगांवर कामकाज करते. पण तिथे लिहिणं हा रोजचाच भाग. आमचे साइटवरचे दादा उत्तम फिटर आहेत, मात्र लिहायचं म्हटलं की हात आखडतो. त्यांना यात कसं आणायचं? आणि ग्राहकाला वाचायला द्यावं का?

प्रतिसाद:
ताई, त्यांना लिहायला लावूच नका. साइटवरून फोटो आणि व्हॉइस मेसेज येऊ द्या, संध्याकाळी तुम्ही तीन ओळींची नोंद करा आणि फोनवर वाचून दाखवा, "बरोबर ना?" ग्राहकाला हा ब्लॉग दाखवू नका. तो वाचतोय म्हटल्यावर चुका कोणी मोकळेपणाने लिहिणार नाही. त्याला आठवड्याची वेगळी मेल पाठवा.

सगळ्यात महत्त्वाचं, ड्रॉइंग नोंदीला जोडू नका. नाहीतर जुन्या नोंदीतून पुन्हा रिव्हिजन २ च कोणीतरी उतरवून घेईल. ड्राइव्हवर एकच चालू फोल्डर ठेवा, जुनं ड्रॉइंग 'रद्द' फोल्डरमध्ये हलवा आणि नोंदीत चालू फोल्डरची लिंक द्या.

धागाकर्ती:
ड्रॉइंगचं हे माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं, मनापासून आभार. सोमवारपासून एकाच जॉबवर करून बघते. फॅब्रिकेटर बाहेरचा माणूस आहे, त्याच्याकडे इतरांचीही कामं असतात. अशा माणसाला कोणी लॉगिन दिलंय का? तो रोज उघडून बघतो का?