पॅलेस्टिनी समलिंगींची बाजू घेताना त्यांचं ऐकायचं की नाही?

रानवाट:
पॅलेस्टाईनसाठी निघालेल्या मोर्चात इंद्रधनुषी झेंडा दिसला की कुणीतरी म्हणतंच, "हा गाझात फडकवून दाखवा." असं म्हणणाऱ्यांना तिथल्या समलिंगी, पारलिंगी माणसांबद्दल खरंच आस्था असेल, तर त्यांचं कामही माहीत करून घ्यावं. अल-कौस ही पॅलेस्टिनी समलिंगी-पारलिंगींची संस्था २००१ मध्ये जेरुसलेममधल्या एका इस्रायली संस्थेतला प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि २००७ मध्ये स्वतंत्र झाली. अरबी हेल्पलाइन चालवते, तरुणांचे गट बांधते. इस्रायलमधल्या हैफा शहरात असवात ही पॅलेस्टिनी बायकांची अशीच संघटना आहे. ही मंडळी घरच्यांशी भांडतात आणि पॅलेस्टिनी भूमीवरच्या इस्रायलच्या ताब्याशीही. त्यांना यातली एकच लढाई निवडायला लावणारे आपण कोण?

कोरडवाहू:
झेंड्याचा टोमणा मलाही आवडत नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पॅलेस्टिनी पोलिसांनीच अल-कौसच्या कार्यक्रमांवर बंदी जाहीर केली आणि असं काही दिसलं तर कळवा, असं लोकांना सांगितलं. २०२२ मध्ये गायक बशार मुराद याचा वेस्ट बँकेतल्या रामल्लातला कार्यक्रम झुंडीने उधळला. त्याच वर्षी हेब्रॉनमध्ये एका तरुणाचा शिरच्छेद झाला. जिवाच्या भीतीने तो इस्रायलमध्ये आसऱ्याला राहिला होता. हेही ताब्याच्याच माथी मारणार का?

रानवाट:
अजिबात नाही. मारणारे आपलेच होते, हे तिथले कार्यकर्तेच उघड सांगतात. टीका झाल्यावर पोलिसांनी ती बंदी मागे घेतली, आणि आधी टीका केली ती याच लोकांनी. त्याच ऑगस्टच्या पहिल्या तारखेला हैफाच्या रस्त्यावर पॅलेस्टिनी क्वीअर मंडळी अरबी घोषणा देत उभी राहिली. निमित्त होतं एका किशोरवयीन मुलावर तेल अवीवमध्ये झालेल्या चाकूहल्ल्याचं.

दफ्तरी:
कायद्याचं थोडं. गाझात लागू असलेलं कलम १५२ हे ब्रिटिशांच्या १९३६ च्या फौजदारी कायद्यातलं. पुरुषांमधल्या संबंधांना दहा वर्षांपर्यंत कैद. आपलं ३७७ त्याच घराण्यातलं. ते सप्टेंबर २०१८ पर्यंत आपल्या मानेवर होतं. वेस्ट बँकेत जॉर्डनचा कायदा चालतो, त्यात १९५१ पासून हा गुन्हा नाही.

कोरडवाहू:
मग ब्रिटिश गेल्यावर गाझात ते कलम कुणी जपलं? इस्रायलने स्वतःकडचं १९८८ मध्ये काढून टाकलं.

दफ्तरी:
हमासनेही जपलं, बरोबर. पण १९८८ मध्ये गाझावर इस्रायली लष्कराचाच अंमल होता. तेल अवीवमधलं कलम गेलं, गाझातलं तसंच राहिलं.

कोरडवाहू:
हे मान्य. तरी जीव वाचवायचा तर पळून इस्रायलमध्येच जातात ना?

रानवाट:
जातात, आणि तिथे तात्पुरत्या परवान्यांवर दिवस काढतात. त्याच इस्रायलच्या ८२०० या गुप्तचर तुकडीतल्या ४३ राखीव सैनिकांनी २०१४ मध्ये पत्र काढून यापुढे हे काम करणार नाही, असं जाहीर केलं. सामान्य पॅलेस्टिनींच्या खाजगी गोष्टी, लैंगिक कलसुद्धा, गोळा करून त्यांना खबरी बनवण्यासाठी वापरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. याचा परिणाम काय होतो बघा. समलिंगी म्हणून कळलं की लगेच "खबरी असेल" हा संशय, आणि तिथे तो संशय जिवावर बेततो.

तिळगूळ:
२०२० मधलं ताहिनीचं, म्हणजे तिळाच्या पेस्टचं, प्रकरण इथे आठवतं. इस्रायलमधल्या नाझरेथ या अरब शहरातल्या अल अर्ज कंपनीने अरबी हेल्पलाइनसाठी एका इस्रायली संस्थेला पैसे दिले. लगेच तिच्या ताहिनीवर बहिष्काराची हाक. कार्यकर्त्यांनी बहिष्काराचा निषेध केला, पण पैसे पॅलेस्टिनी संस्थेला का दिले नाहीत, हेही विचारलं.

कोरडवाहू:
हा दुसरा प्रश्न मला पटत नाही. मध्यरात्री घराबाहेर काढलेल्या पोराला फोन कुणाचा, याने काय फरक पडतो?

रानवाट:
त्यालाच सगळ्यात जास्त पडतो. आपलं नाव, गाव, जोडीदार हे सगळं तो पलीकडच्या माणसाला सांगणार असतो. ती माहिती पुढे कुणाच्या हाती जाईल, या धास्तीने तो फोनच करत नसेल तर?