भिंत गुण्यात नव्हती, ॲपने बसवली

काटकोन_ठाणे : नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत वॉर्डरोबचं माप घ्यायला गेलो होतो. टॅबवर पेनाने खोली काढली. खिडकीकडची भिंत गुण्यात (म्हणजे काटकोनात) नव्हती, म्हणून मुद्दाम तिरकी ओढली. पेन उचलतोय तोच ॲपने ती काटकोनात बसवली. माझं लक्ष टेपकडे. सुताराने त्यावरून प्लाय कापला, कोपऱ्यात बोटभर फट. पदरच्या पैशांनी पट्टी मारून दिली.

माझं मत : हाताच्या रेघेचा अर्थ संगणकाने लावूच नये. १९६३ च्या स्केचपॅड या संगणकावर चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये तो बनवणाऱ्या आयव्हन सदरलंडनेही प्रकाशपेन (पडद्यावर टेकवायचा पेन) वापरला होता, पण रेषा समांतर की काटकोनात हे माणूस बटणं दाबून सांगायचा. ते यंत्र मनाने ठरवत नव्हतं. तेच बरं होतं.

कोपरी_पूर्व : +१. माझ्या 'द'चं तर दर वेळी वर्तुळ होतं.

रबाळे_ग्रिलवाला : साहेब, कर्ण (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप) घेतला होता का? तो नसेल तर कागदावर काढलं असतं तरी फट पडलीच असती. आमच्याकडे गिऱ्हाईक ग्रिलचं चित्र काढून देतं, ती खिडकी आहे की अंडं ते कळत नाही. ॲपने रेघा सरळ केल्या की तेच म्हणतं, "हां, अस्संच हवंय!" निम्मी वादावादी वाचते. मी तरी सोडणार नाही.

सीवूड्स_लोकल : दोघंही वेगवेगळ्या कामांबद्दल भांडताय. हे ॲप आत काय करतं ते मला दिसत नाही, पण २००७ ची हाताने काढलेली आकृती ओळखायची 'वन डॉलर' नावाची साधी पद्धत बघा. रेघेचे सारख्या अंतरावर ६४ बिंदू घ्यायचे, आकृती फिरवायची, ताणून ठरावीक चौकटीत बसवायची आणि साठवलेल्या नमुन्यांत सगळ्यात जवळचा कुठला ते बघायचं. झटपट ओळखते, पण त्या ताणाताणीत लांबी-रुंदीचं प्रमाणच जातं. चौरस आणि आयत तिला सारखेच! 'ही खिडकी आहे' एवढं कळायला ठीक, कापायच्या मापाला नाही. सुधारलेली रेघ वेगळ्या रंगात दाखवा आणि मूळची खाली राहू द्या, एवढीच माझी मागणी.

रबाळे_ग्रिलवाला : हे पटलं. पण कर्णाचं काय झालं?

काटकोन_ठाणे : नाही घेतला. मधे बॉक्सचा पलंग होता आणि त्यावर आजोबा झोपले होते. तरी माझी तिरकी रेघ न विचारता पुसली, हे मला आजही पटलेलं नाही.